पडद्याची मागची बाजू

"डाव्या? छे, छे. उजव्या हातानं वाढलं तिनं," दिनानाथ म्हणाला, आणि बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवून मोकळा झाला. त्याच्या लेखी विषय तिथंच मिटला. भाताच्या गिरणीत कारकुनी करणारा हा माणूस एरवी आपल्या मतासाठी कुणाशी वाद घालायचा नाही, कारण त्याला मतंच कमी होती. पण कालच्या सिनेमाबद्दल तो ठाम होता. टोपी डोक्यावर ठेवता ठेवता तो पुन्हा म्हणाला, "तुम्हां बायकांना दुसऱ्या बाईचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय!" आणि गेला. चंद्रावती चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. भांड्यातला चोथा गार झाला होता. तिला उगीचच वाटलं, कुणीतरी आपल्याला मागून हाक मारली. वळून बघितलं तर दाराशी कुणी नव्हतं, फक्त अंगणात शेजारच्या गोदूच्या घरची कोंबडी फिरत होती.

तळ्यापलीकडच्या मैदानात आठवडाभर तंबू पडला होता. पनवेलीत तंबू आला की घराघरांतल्या बायका दुपारपासून स्वैपाक उरकायला लागत. सिनेमा घरंदाज असला तर विचारायलाच नको. आणि हा तर अगदीच घरंदाज होता. पुरात आईबाप गेलेली एक पोर भरल्या घराच्या दाराशी येते. सासू नको म्हणते, नवरा नको म्हणतो, शेजारी तर म्हणतातच. घरची थोरली सून पोरीला हाताला धरून आत नेते, आपल्या मुलांच्या पंगतीत बसवते आणि तिच्या ताटात वाढते. पुढं व्हायचं ते सगळं होतं, सासू आजारी पडते, तीच पोर तिची सेवा करते आणि शेवटी एक म्हातारा बोट वर करून सगळ्यांना सांगतो, की माणसानं माणसाशी मायेनं वागावं. पुरुष मंडळी पडद्याच्या पुढं बसत, यंत्राच्या बाजूला. तिथंच चार रांगा खुर्च्यांच्या, डॉक्टर-वकिलांच्या घरच्यांसाठी. बाकीच्या बायका पडद्याच्या मागं, जमिनीवर. खेळाआधी एक माणूस पडद्यावर पाणी मारून तो भिजवायचा, म्हणजे चित्र मागच्या बाजूलाही उजळ दिसे, आणि मागं पडद्यालगत बसलेल्या बायकांच्या अंगावर थेंब उडत. सुरुवातीच्या पाट्यांवरची अक्षरं मागून उलटी दिसायची, पण वाचता येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली चंद्रावती एक, चार यत्ता शिकलेली. तिनंही ती अक्षरं कधी मनावर घेतली नव्हती. पाट्या संपेपर्यंत बसायला जागा धरायची असे.

बायकांच्या बाजूला त्या सिनेमाबद्दल दुमत नव्हतं. भीमाबाईनं तर तळ्यावर धुणं आपटता आपटता निकालच दिला होता. "दया कसली गं? डाव्या हातानं वाढलं मेलीनं. कुत्र्यापुढं टाकतात तसं. वर तोंडानं गोडगोड." गोदू म्हणाली, "मी रडले हो. ती पोर ताटाकडं बघते ना, तेव्हा मला राहवलंच नाही. पण हात डावा तो डावाच." कुणी म्हणालं, ती सून मनातून कपटी असणार, पुढं दाखवायचं विसरले. कुणी म्हणालं, पदर बघितला का, उजव्या खांद्यावर, गुजरातणीचं घर असेल, त्यांच्यात चालत असेल. "कुणाच्यात चालत नाही," भीमाबाई म्हणाली. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, चंद्रावतीनं सगळ्यांत आधी. आणि घरोघर हाच तंटा लागला. पुरुष डोळे पुसत आले होते आणि सांगत होते, बाई असावी तर अशी. बायका म्हणत होत्या, तुम्हांला कळत नाही. डाव्या हाताचा मुद्दा निघाला की पुरुष हसत, आणि पुरुष हसले की बायकांची खात्रीच पटे. चंद्रावतीही काल रात्रीपासून तसंच म्हणत होती, जरा जास्तच जोरानं म्हणत होती. कारण डाव्या हाताचं वाढणं म्हणजे काय, हे त्या सगळ्या जणींत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती सात-आठ वर्षांची असेल. उरणकडच्या मिठागरात मजुरी करणारी आई तापानं गेली, बाप त्याच्या आधीच गेलेला. मामा आला आणि तिला खांद्यावर घेऊन आपल्या गावी, कोनला आला. येतानाचं काही आठवत नाही, फक्त मामाच्या मुंडाशाला मिठाचा वास येत होता आणि तिला वाटत होतं, आई मुंडाशात आहे. दारात मामी उभी होती. रंभामामी, उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर आडवं कुंकू. तिनं पोरीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आन आत." मामी बोलायची कमी. जवळ घेणं, कुरवाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं, स्वतःच्या पोरांनाही ती धपाटेच द्यायची. जेवायला मामा आणि पोरं समोरच्या भिंतीला ओळीनं बसत. काळूराम, मैना, धाकटा. चंद्रीला मात्र मामीनं त्या ओळीत बसवलं नाही. चुलीच्या डाव्या अंगाला, लाकडं आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत तिला बसवलं. "तू हितं बस." आणि पहिल्याच दिवशी मामीनं तिच्या ताटलीत भाकरी टाकली ती डाव्या हातानं. पोरांना मात्र टोपलीतून, उजव्या हातानं, नीट. दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज तसंच. आई गेलेल्या पोरांना काही गोष्टी फार लवकर कळतात, आणि ज्या कळतात त्या कायमच्या कळतात. आईनं सांगितलं होतं, डाव्या हातानं कुणाला काही देऊ नये, बाळ, समोरच्याला हिणवल्यासारखं होतं. त्या सांदीत धूर यायचा, लाकडांतल्या मुंग्या पायावर चढायच्या, आणि भाकरी हाताला पोळायची. चंद्री बोटं फुंकत बसायची, आणि समोर काळूराम, मैना गार भाकरीचे तुकडे मोडून खुशाल खात असायचे. त्यांना पोळत नसे. मामी तिच्याकडं बघतही नसे. मामीचं लक्ष तव्यावर.

एवढंच. दुसरं काही नाही. मारहाण नाही, उपास नाही, मैनाला लुगडं आलं तेव्हा तिलाही आलं. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काही निघायचं नाही. पण त्या डाव्या हाताभोवती तिनं आपलं सगळं बालपण गुंडाळून ठेवलं, आणि लग्न होऊन पनवेलीत आली तेव्हा तेवढं एकच गाठोडं तिनं माहेरून आणलं. दिनानाथ शिकलेला, शहरातला. तिनं आमी-तुमी सोडून आम्ही-तुम्ही धरलं, हाय-नाय टाकून आहे-नाही उचललं, आणि कोनला पुन्हा जेवायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. मामा वारला तेव्हा गेली. मामी ताट घेऊन पुढं आली. चंद्रावती म्हणाली, "मला उपास आहे." मामी ताट घेऊन उभी राहिली, मग तसंच परत आत घेऊन गेली. पाठीमागून मामीचे खांदे दिसले होते, मामाबरोबर तेही खचल्यासारखे. तेव्हा चंद्रावतीला बरं वाटायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनीही ती पाठ आठवली की तिला घास गिळता येत नाही. कोन काही दूर नाही. टांगा पळस्प्याच्या नाक्यापर्यंत जातो, पुढं बांधावरून चालायचं. तरी ती गेली नाही. आणि बाजारच्या दिवशी काळूराम भाजी, काकड्या घेऊन पनवेलीला येतो, माघारी जाताना दारात पाटी टेकवतो, पाणी पितो आणि दर वेळी तेच म्हणतो, "आये वाट बगते गो चंद्रे. तुज्या वाटची भाकर दर बाजाराला मीच खातो." आणि हसतो. चंद्रावतीला वाटायचं, टोमणा आहे. आमची भाकरी खाल्लीस, विसरलीस, असा. ती त्याला पाणी देऊन दार लोटून घ्यायची. मग दाराला पाठ लावून उभी राहायची. आणि तिला मामी हवी असायची. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि तीच कुणाला सांगायची सोय नव्हती. मामीनं एकदा, एकदाच, उजव्या हातानं आपल्याला काहीतरी द्यावं. काहीही, गुळाचा खडाही चालला असता.

उजव्या हातानं वाढलं तिनं. दिनानाथला डोळे आहेत. गिरणीतल्या माणसांनाही आहेत. चंद्रावतीनं भांडं मोरीत ठेवलं आणि आरशासमोर उभी राहिली. कशाला उभी राहिली ते तिलाही कळलं नाही. पदर डाव्या खांद्यावर होता, आरशातल्या बाईचा उजव्या. ती बराच वेळ त्या पदराकडं बघत राहिली. मग पाट्यांवरची उलटी अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि त्या मागोमाग सगळ्याच सिनेमांतल्या बायका, उजव्या खांद्यावर पदर घेतलेल्या, डाव्या हातानं कुंकू लावणाऱ्या, डाव्या हातानं देवाला फूल वाहणाऱ्या. इतकी वर्षं आपण सगळ्या जणी मागं बसून त्या बायकांना नावं ठेवत आलो. तिला हसू यायला हवं होतं, भीमाबाईला जाऊन सांगायला हवं होतं. पण ती आरशापुढून हललीच नाही. तळ्यावरच्या त्या सगळ्या धुण्यात एक हात तिचाही होता ना. आणि तिचा हात तर फार जुना होता.

"मला पुढच्या बाजूनं बघायचाय," तिनं संध्याकाळी दिनानाथला सांगितलं. तो म्हणाला, "खुर्चीत? तुला? अगं, तिथं वकिलीणबाई बसतात." ती म्हणाली, "बसू देत." असं ती कधी बोलत नसे. दिनानाथनं तिच्याकडं बघितलं आणि टोपी परत डोक्यावर ठेवली. शेवटचा दिवस होता. खुर्चीची पट्टी पाठीला टोचत होती, यंत्र मागं खडखडत होतं आणि पडद्याखालून पलीकडच्या बायकांचे पाय दिसत होते, ओळीनं, जोडव्यांसकट. आपणही अशाच दिसत असू, कुणाला तरी, इतकी वर्षं. सून आली. पदर डाव्या खांद्यावर. पोरीला हाताला धरून तिनं आत नेलं. चंद्रावतीनं लुगड्याचा काठ मुठीत धरला. सुनेनं उजवा हात पुढं केला आणि वाढलं. अगदी सावकाश, ताटाला हात लागेल इतक्या जवळून. पलीकडून गोदूसारखं कुणीतरी "शी:" म्हणालं, ते स्पष्ट ऐकू आलं. इकडे दिनानाथ डोळे पुसत होता, दुसऱ्यांदा बघूनही. "बघ," तो कुजबुजला, "आता तरी पटलं?" चंद्रावती पडद्याकडंच बघत राहिली. तिचा राग गेला असता तर मोकळं वाटलं असतं. पण तिला उघडं वाटलं, अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घ्यावं तसं. कारण सिनेमातली सून उजव्या हाताची निघाली म्हणून मामीचा हात काही बदलत नव्हता. मामी पडद्यावर नव्हती. लहानपणी ती स्वतः मामीच्या शेजारी बसली होती, वीतभर अंतरावर, आणि तो हात डावाच होता. हे तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. तरीही घरी जाताना तळ्याच्या काठानं चालताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की आपण जिथं बसलो होतो तिथून आपल्याला किती दिसलं असेल? मामीचा चेहरा कसा होता तेव्हा? आठवेना. हात आठवतो, बांगड्या आठवतात, कोपराला लागलेली राख आठवते. चेहरा चुलीकडं होता. सगळं बालपण ज्या बाईच्या रागावर काढलं, तिचा चेहराच आपण बघितला नाही, हे कळल्यावर तिला रस्त्यातच रडू फुटलं. दिनानाथला वाटलं, सिनेमानं. तो मनापासून म्हणाला, "चांगला सिनेमा माणसाला बदलतो."

बाजारच्या दिवशी सकाळी ती काळूरामची वाट बघत थांबली नाही. तो इकडे यायच्या वेळी आपण तिकडे असावं असं तिला वाटलं. का, ते विचारू नये. टांग्यातून उतरून ती बांधाला लागली. भात कापून झालं होतं, खाचरांतून धसकटं उभी होती, आणि कोनची कौलं चिंचेआडून एकदम दिसली तेव्हा तिला वाटलं, परत फिरावं. काय म्हणायचं? मामी, मी आले, असं म्हणायचं की मामी, मी आयली? तिनं दोन्ही मनातल्या मनात म्हणून बघितलं. पहिलं परक्या बाईसारखं वाटलं. दुसरं ओठांवर आलं तशी ती पटापट चालू लागली. कुणी बघितलं तर सांगायला म्हणून तिनं पुडीत साखर घेतली होती, ती पुडी घामानं ओली होत होती.

दार उघडं होतं. आत चूल पेटलेली, तवा तापत ठेवलेला, परातीत पीठ मळून झाकलेलं. काळूरामची बायको हौसा पाण्याला गेली असावी. आणि चुलीच्या डाव्या अंगाला, लाकडं आणि भिंत यांच्यामधल्या त्याच सांदीत, मामी पाय पसरून बसली होती. केवढी लहान झाली होती मामी! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पांढुरके, विझलेले. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली. "हौसा, आयलीस का गो? टाक दोन भाकरी. तवा जलते कवाचा." साखरेची पुडी चंद्रावतीनं कोनाड्यात ठेवली, हात धुतले आणि चुलीसमोर बसली. मामीच्या जागेवर. या जागेवर ती आयुष्यात पहिल्यांदाच बसत होती. इथून समोरची भिंत लांब दिसत होती, तिथं दाराचा वारा सरळ येत होता. सांदीत वारा नव्हता. सांदी उबेची होती. मामीनं पाय शेकायला चुलीकडं आणखी थोडे सरकवले.

तिनं पिठाचा गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली. आणि दुसऱ्या गोळ्यासाठी उजवा हात पिठात घातला, तोवर पहिली टम्म फुगली. भाकरी फुगली की थांबत नाही, उचलायलाच लागते. उजवा हात मनगटापर्यंत पिठानं भरला होता. डावा हात आपण होऊन पुढं झाला, भाकरी उचलली आणि वाफेसकट शेजारी धरली, सांदीत बसलेल्या माणसाच्या पुढ्यात. टोपली समोर लांब होती, तिकडं ठेवायला उठावं लागलं असतं, आणि तोवर ती गार झाली असती. चंद्रावतीनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. हात तसाच धरलेला राहिला. बोटं पोळत होती, पण हात मागं घ्यायचं तिला सुचेना.

मामीनं चाचपत हात पुढं केला, बोटं भाजली तसा चटकन मागं घेतला. "ही मना नको," ती म्हणाली. "पयली झाकून ठेव. पयली चंद्रीची. आज बाजार हाय ना? काळूबरोबर आयली तं?" तिनं चुलीच्या उबेला तोंड केलं. "बारीक व्हती पोर. हिवानं कापं. समोर वारा लागं, म्हनून हितं बसवं तिला. तव्यावरची पयली, ऊन ऊन, लगेच देयाची. मागं आमच्या पोरांना, टोपलीतली. कवा बोलली नाय ती. खाई, बोटं फुंकी, नि मान खाली." मग हसली, दात नसलेलं. "नाय आयली तं काळू खाईल. तोच खाते."

चंद्रावतीनं भाकरी मामीच्या मांडीवर ठेवली, तशीच पिठाच्या हातानं उठली, आणि लाकडं सरकवून त्या सांदीत, मामीला टेकून, जेमतेम मावली. लहानपणी किती ऐसपैस होती ही जागा. मामीच्या लुगड्याला धुराचा वास होता आणि खांदा हाडकुळा होता. मामी एकदम स्तब्ध झाली. हौसा अशी कधी बसत नसे. मामीचा हात वर आला, चंद्रावतीच्या गालावरून, कानावरून, अंबाड्यावरून फिरला आणि मानेपाशी थांबला.

"मामी," चंद्रावती म्हणाली, "दे. मना भूक लागली."

मामीनं मांडीवरची भाकरी उचलली, अजून वाफ निघत होती, आणि पुढं केली. ती कुठल्या हातानं दिली, ते चंद्रावतीनं बघितलं नाही. ती मामीच्या चेहऱ्याकडं बघत होती. चुलीवर रिकामा तवा तापून धूर सोडायला लागला होता, आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.